पळायचे, पण कुठे?

2025 च्या 7 मे रोजी संध्याकाळी भोपाळमध्ये सायरन वाजले आणि काही मिनिटे शहरातले दिवे मालवले गेले. देशभर झालेल्या नागरी संरक्षणाच्या सरावाचा तो भाग होता. आपल्या घरांतूनही दिवे बंद झाले, काहींनी अंधाराचे फोटोसुद्धा पाठवले! मात्र तो सायरन खरा असता तर बाहेर पडून जायचे कुठे, हे आपल्यापैकी किती घरांत ठरलेले होते? ज्या शहराने 1984 साल पाहिले, तिथे हा प्रश्न आजही विचारावा लागतो.

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीलगत पसरत गेला. वारा मंद होता आणि कारखान्याकडून जयप्रकाश नगर, छोला, रेल्वे स्टेशन अशा दाट वस्तीच्या दिशेने वाहत होता. लोक पळाले ते सहसा समोर दिसेल त्या रस्त्याने. पुष्कळ जण वायूबरोबरच, म्हणजे वारा जाईल त्याच दिशेला धावत राहिले. धावणारा माणूस श्वास जोरात घेतो, म्हणजे विषही जास्त घेतो. लहान मुलांची उंची कमी, म्हणून त्यांच्या वाट्याला अधिक वायू आला. स्टेशन ही एरवी शहर सोडून जाण्याची हक्काची जागा. त्या रात्री तिथेच फलाटांवर माणसे कोसळली.

तोंडावर ओला कपडा धरा, वारा ज्या दिशेला वाहतो आहे त्याला काटकोनात चालत बाजूला व्हा, मुलाला उचलून घ्या आणि उंचावर जा, एवढे चार शब्द वेळेवर कोणी सांगितले असते तर किती जीव वाचले असते, याचा हिशेब आता होणे नाही. सायरन सुरुवातीला थोडा वेळ वाजून बंद झाला. पुढे मोठा भोंगा झाला तेव्हा वायू घराघरांत शिरला होता.

यानंतर दोन आठवड्यांत जे घडले त्याची आठवण कमी काढली जाते, पण आपल्या विषयासाठी तेच अधिक बोलके आहे. कारखान्यात शिल्लक राहिलेल्या मिथाइल आयसोसायनेटचे कीटकनाशक बनवून ते संपवायचे ठरले. 16 डिसेंबरपासून डॉ. वरदराजन यांच्या देखरेखीखाली हे काम झाले, नाव दिले ‘ऑपरेशन फेथ’. वरून हेलिकॉप्टरने पाणी फवारले जात होते, मुख्यमंत्री अर्जुन सिंह स्वतः कारखान्यात हजर राहिले. ज्यांना घर सोडायचे असेल त्यांच्यासाठी सरकारने छावण्याही उघडल्या. तरी लाखाहून अधिक लोक शहर सोडून गेले, आणि त्यातले बहुतेक छावणीत न जाता गावी, नातलगांकडे गेले. सरकारी आश्वासनावरचा विश्वास उडाला होता हे खरेच. पण संकटात माणूस ओळखीचे दार शोधतो, हेही तितकेच खरे. कोणतीही योजना आखताना हे गृहीत धरले पाहिजे.

पुढे कायदे झाले. 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा, त्याखालचे 1989 चे घातक रसायनांविषयीचे नियम. या नियमांनुसार धोकादायक कारखान्याबाहेरच्या वस्तीसाठीही आपत्कालीन आराखडा लागतो आणि आसपासच्या लोकांना माहिती देणे बंधनकारक आहे. आराखडा फायलीत असतो. गोविंदपुरा किंवा मंडीदीपच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या सभासदांना तो कोणी समजावून सांगितला आहे का, हे त्यांनीच सांगावे.

‘ते जुने झाले’ असे म्हणून चालत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये ईदगाह हिल्सच्या जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन गळला आणि शेजारच्या वस्तीतल्या लोकांना इस्पितळात न्यावे लागले. क्लोरीनही हवेपेक्षा जड, तिथे पुन्हा वर जाणे बरे. उलट 12 जून 2023 ला सातपुडा भवनाला आग लागली आणि ती वरच्या मजल्यांकडे चढत गेली. अशा वेळी गच्चीकडे धावणारा फसतो. तिथे जिन्याने खाली, मोकळ्या जागेत यायचे. पुराचे आणखी वेगळे. म्हणजे ‘सुरक्षित जागा’ एकच अशी नसते, संकट कोणते यावर ती ठरते. वायूची गळती असेल आणि घर पक्के असेल, तर कित्येकदा दारे-खिडक्या बंद करून, फटींत ओले कपडे लावून वरच्या खोलीत थांबणे हेच शहाणपणाचे असते. वारा कुठला, हे पाहायला समोरच्या इमारतीवरचा झेंडा किंवा वाळत घातलेला पंचा पुरे.

आम्ही बँकवाले तिजोरीच्या चाव्यांचा दुसरा जोड त्याच शाखेत ठेवत नाही, तो दुसरीकडे जमा करतो. घराच्या बाबतीतही दोन ठिकाणे हवीत: एक आपल्याच भागात, पायी गाठता येईल असे, दुसरे शहराच्या वेगळ्या दिशेला, नातलग किंवा स्नेह्याकडे. दोन्ही एकाच रस्त्यावर असतील तर दुसऱ्याचा उपयोग नाही. ज्यांच्याकडे जायचे त्यांना आधी विचारलेले असावे, हे सांगायला नको. औषधांची चिठ्ठी, पासबुक, आधारची प्रत एका पिशवीत दाराजवळ.

खरी काळजी वेगळीच आहे. मुले पुण्या-बंगळुरूला आणि घरी सत्तरीची दोन माणसे, अशी आपल्यात बरीच घरे आहेत. कोलार रस्त्यावरच्या चौथ्या मजल्यावरून, लिफ्ट बंद असताना, गुडघेदुखीच्या काकूंना कोण उतरवणार? 112 ला फोन लागेल, गाडीही येईल, पण पहिली दहा मिनिटे शेजाऱ्यांचीच असतात.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला एक सुचवायचे आहे. बँकेच्या अर्जात नॉमिनीचा रकाना असतो, तसे यंदाच्या सभासद नूतनीकरणाच्या अर्जात तीन रकाने वाढवावेत: संकटात आमच्याकडे प्रथम कोण येईल, आम्ही कोणाकडे जाऊ, आणि घरात न चालू शकणारे कोणी आहे का. पहिला रकाना रिकामा राहिलेल्या घरांची यादी करून, जवळच्या सभासदांनी ती घरे आपसात वाटून घ्यावीत. अर्ज एप्रिलमध्ये निघतात, तेव्हा मजकूर मार्चच्या बैठकीत पक्का करता येईल.