डोळा यंत्राचा, हात गावाचा

१३ जून २०२४ रोजी अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात वणवा विझविण्यास गेलेल्या पथकाला ज्वाळांनी घेरले. त्या दिवशी चार जण मृत्युमुखी पडले, चौघे गंभीररीत्या भाजले. वनरक्षकापासून रोजंदारीवरील मजुरापर्यंत सारे त्यांत होते. आग कोठे वळते आहे, हे आगीसमोर उभ्या असलेल्या माणसाला कळावे कसे, हा प्रश्न या दुर्घटनेने देशापुढे ठेवला आहे.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्यांच्या सूचना देते. हे कार्य मोलाचेच आहे. परंतु उपग्रह ठरावीक वेळीच माथ्यावरून जातो. जंगल पेटले आहे हे तो सांगतो. ज्वाळा कोणत्या घळीतून वर चढत आहेत, हे क्षणोक्षणी सांगू शकत नाही. ही उणीव लहान ड्रोन भरून काढू शकतो. उष्णता टिपणारा त्याचा कॅमेरा रात्री आणि धुरातूनही आगीची कड दाखवितो. वणवा विझल्यावर बुंध्यांत धुमसणारे निखारे शोधण्यासही तो उपयोगी पडतो.

मात्र यंत्राच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. लहान ड्रोनची बॅटरी साधारण अर्धा तास टिकते. सोसाट्याच्या वाऱ्यात आणि खोल दरीत त्याचा भरवसा उरत नाही. एप्रिल २०२४ मध्ये नैनिताल परिसरात वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी भीमतालचे पाणी उचलून आगीवर ओतले. अशा वेळी त्याच आकाशात ड्रोन उडाला, तर अपघातालाच निमंत्रण! म्हणून दोघांचे नियंत्रण एकाच हाती हवे.

मुख्य म्हणजे, ड्रोन आग पाहतो, विझवीत नाही. चीडवृक्षांच्या वाळल्या सुया, म्हणजे तेथील पिरूल, उन्हाळ्यापूर्वी गोळा करणे आणि जाळरेषा स्वच्छ ठेवणे हे माणसांचेच काम आहे. १९२१ मध्ये इंग्रजांच्या वनकायद्यांनी संतापलेल्या कुमाऊंत जंगले पेटविली गेली होती. त्यानंतर १९३१ च्या नियमांनी तेथे वनपंचायती आल्या. जंगल आपले वाटले, तरच गाव ते राखते, हा त्या इतिहासाचा धडा होय.

तेव्हा ड्रोन राजधानीच्या प्रदर्शनात मिरविण्याऐवजी वनचौकीवर पोहोचावा आणि तो चालविण्याचे शिक्षण वनपंचायतीच्या तरुणांना मिळावे. त्याआधी आगीत उतरणाऱ्या मजुराच्या अंगावर अग्निरोधक पोशाख आणि पायांत मजबूत बूट असावेत. ज्याच्या जिवावर अरण्य उभे आहे, त्याचा जीव सांभाळणे हे शासनाचे पहिले कर्तव्य आहे.