पात्र, संघ आणि टोळी

विद्यापीठीय मराठी अध्यापनात पात्रचित्रणाची एक जुनी वहिवाट आहे. कादंबरी असो वा नाटक, त्यातील एकेक पात्र वेगळे काढावयाचे, त्याची स्वभाववैशिष्ट्ये अनुक्रमे नोंदवावयाची आणि पुढील पात्राकडे वळावयाचे. प्रश्नपत्रिकेतही 'अमुक व्यक्तिरेखेचे चित्रण करा' हा प्रश्न वर्षानुवर्षे येत असतो. पात्र म्हणजे गुणांचे एक गाठोडे आणि साहित्यकृती म्हणजे अशा गाठोड्यांची रास, असे काहीसे चित्र त्यातून विद्यार्थ्याच्या मनात तयार होते. कोण कोणाच्या शेजारी उभे आहे, कोण कोणाच्या आधी बोलते, एकाच्या असण्याने दुसऱ्याचे काय बदलते, हे प्रश्न मागे राहतात. या वहिवाटीवर एक नेमका आक्षेप अगदी अनपेक्षित ठिकाणाहून घेता येतो, असे आमचे मत आहे. ते ठिकाण म्हणजे मोबाइलवर वा संगणकावर खेळले जाणारे कृतिप्रधान भूमिका-खेळ, आणि त्यांतील अवघड आव्हानांसाठी करावी लागणारी पात्रांच्या संघाची बांधणी.

आम्ही तेलगाव परिसरात मराठी शिकवतो. 'गेम' हा शब्द उच्चारला की अध्यापकांच्या खोलीत कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या सर्वस्वी अकारण नसतात. इकडची बहुतेक मुले गोळीबाराचेच खेळ खेळतात. पण मोजकी मुले अशीही आहेत, की ज्यांच्या बोलण्यात बंदुकांऐवजी पात्रांची नावे येतात आणि ज्यांचा वाद 'कोण श्रेष्ठ' यापेक्षा 'कोण कोणाबरोबर' या मुद्द्यावर चालतो. साहित्याच्या शिक्षकाने थांबून ऐकावा असा हा वाद आहे.

उदाहरणादाखल 'गेन्शिन इम्पॅक्ट' हा खेळ घेऊ. शांघायच्या मिहोयो या कंपनीने तो सप्टेंबर 2020 मध्ये जगभर आणला. योगायोग असा, की त्याच वर्षी पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' हा खेळही आला. 'राजी'मध्ये एक मुलगी हरवलेल्या भावाच्या शोधात एकटीच असुरांशी झुंजते. ही आपल्या परिचयाची, एकनायकी कथेची रीत झाली. 'गेन्शिन'ची रीत निराळी आहे. तेथे खेळणारा चार पात्रांचा संघ निवडतो. एका वेळी रणांगणावर एकच पात्र दिसते, उरलेली तीन पडद्यामागे असतात आणि क्षणार्धात पुढे आणता येतात. प्रत्येक पात्राकडे सातांपैकी एक तत्त्व असते: अग्नी, जल, हिम, विद्युत, वायू, पाषाण वा वनस्पती. दोन तत्त्वे एकमेकांना भिडली की काही तिसरेच घडते. भिजलेल्या शत्रूवर अग्नीचा वार झाला, तर त्याचा परिणाम दीडपट होतो. तोच वार गोठू लागलेल्या शत्रूवर झाला, तर दुप्पट होतो. म्हणजे वाराचे बळ वार करणाऱ्याच्या एकट्याच्या अंगी नसते. त्याच्या आधी कोण येऊन गेले, यावरही ते ठरते.

या खेळातील 'स्पायरल अबिस' नावाच्या बारा मजली आव्हानात ही गोष्ट कसोटीला लागते. वरच्या मजल्यांवर प्रत्येक दालनाचे दोन भाग असतात आणि त्यांसाठी चार-चार पात्रांचे दोन वेगळे संघ लागतात. पहिल्या संघातले पात्र दुसऱ्या संघात घेता येत नाही. शिवाय घड्याळ चालू असते. किती वेळ उरला, त्यावर तारे मिळतात, आणि शेवटच्या चार मजल्यांचे मिळून 36 तारे होतात. सर्वांत बलवान पात्रे एकाच बाजूला गोळा केली, की दुसरी बाजू उघडी पडते. सामर्थ्य कोठे खर्चावे आणि कोठे राखून ठेवावे, याचा हिशेब दालनात पाऊल टाकण्यापूर्वीच करावा लागतो.

या खेळातील पात्रे चार ताऱ्यांची आणि पाच ताऱ्यांची अशा दोन प्रतवाऱ्यांत विभागलेली आहेत. पाच ताऱ्यांचे पात्र मिळण्याची मूळ शक्यता दर सोडतीला 0.6 टक्के आहे. नव्वदाव्या सोडतीपर्यंत ते मिळाले नाही, तर त्या वेळी हमखास मिळते. ज्याच्या खिशात पैसा, त्याला सोडती जास्त. असे असूनही या खेळाच्या इतिहासातील अत्यंत नावाजलेला एक संघ संपूर्णपणे चार ताऱ्यांच्या पात्रांचा आहे. चिनी खेळाडू त्याला 'राष्ट्रीय संघ' म्हणतात: श्यांगलिंग, शिंगच्यू, बेनेट आणि चोंगयुन. यांतील श्यांगलिंग तर स्पायरल अबिसच्याच खालच्या मजल्यावर विनामूल्य मिळते. गेल्या काही वर्षांत शत्रूंची प्राणशक्ती वाढत गेली आहे आणि नवी पात्रेही अधिक बलवान झाली आहेत, हे खरे. तरी दीर्घ काळ या चौघांनी महागड्या पात्रांच्या तोडीचे काम करून दाखवले.

ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. शिंगच्यू जलाच्या तलवारी सोडून बाजूला होतो. पुढे उभे असलेले कोणतेही पात्र साधा वार करते, तेव्हा त्या तलवारी आपोआप कोसळतात आणि शत्रूला भिजवत राहतात. बेनेट जमिनीवर एक वर्तुळ आखतो. त्यात उभे राहणाऱ्याच्या जखमा भरतात आणि त्याचे बळ वाढते. त्या वर्तुळात उभी राहून श्यांगलिंग आपले अग्निचक्र सोडते. ते चक्र सुटण्याच्या क्षणी तिच्या अंगी जे वाढीव बळ असते, ते वर्तुळाबाहेर पडल्यावरही चक्र थांबेपर्यंत टिकते. चोंगयुन हिमाची भर घालतो. सुमारे वीस सेकंदांचे हे आवर्तन पुरे झाले, की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आता क्रम उलटा करून पाहा. श्यांगलिंगचे चक्र आधी आणि बेनेटचे वर्तुळ नंतर आले, तर चौघेही तेच, शस्त्रेही तीच, पण अग्नी निम्म्या तेजाचा. पात्रे बदललेली नसतात, त्यांचा अन्वय बिघडलेला असतो. वाक्यातील शब्दांचा क्रम मोडल्यावर अर्थाचे जे होते, तेच येथे होते.

आपल्या परंपरेला ही कल्पना परकी नाही. पोवाड्याचा फड डोळ्यांपुढे आणावा. शाहीर पुढे असतो, नाव त्याचे होते. पण त्याच्या मागे झीलकरी असतात. शाहिराने ओळ सोडली की ते ती उचलतात, लांबवतात, आणि तेवढ्या अवकाशात शाहीर श्वास घेतो, पुढचा प्रसंग जुळवतो. झील उशिरा आली तर वीररसाचा चौक पडतो. शिंगच्यू आणि बेनेट यांच्यासारख्या पात्रांना खेळाडू 'सपोर्ट' म्हणतात. आम्हांस त्यांच्यासाठी 'झीलकरी' हा शब्द अधिक नेमका वाटतो, कारण त्यात साहाय्याबरोबर वेळेचे भानही आहे. तमाशातही सोंगाड्याचा विनोद एकट्याने उभा राहत नाही. गौळणीत मावशी नसेल तर गवळणींची आणि कृष्णाची नोकझोक कोरडी होते. ज्या समाजाने फड उभे केले, त्याच्या साहित्यशिक्षणात मात्र पात्रे एकेकटी तपासली जावीत, हे विचित्र आहे.

म्हणून आमचे पहिले म्हणणे असे, की संघाची बांधणी ही वाचनाचीच एक क्रिया आहे. जो खेळाडू स्वतः संघ जुळवतो, तो प्रत्येक पात्राला 'तू काय करतोस' याबरोबरच 'तू कोणासाठी जागा करतोस' असेही विचारतो. पण हे वाचन सहज चोरीला जाते. कोणते पात्र कोणत्या प्रतीचे, कोणते चौघे सर्वोत्तम, याच्या तयार याद्या सर्वत्र उपलब्ध असतात. यादी पाहून संघ उतरवणारा खेळाडू आणि गाइड पाहून रसग्रहण उतरवणारा विद्यार्थी ही एकाच घरातील भावंडे होत. दोघांनाही उत्तर मिळते. प्रश्न कधीच भेटत नाही. प्रश्नाचे रूप किंचित बदलले, की दोघेही अडतात. खेळाच्या कर्त्यांनी जून 2024 मध्ये एक नवे आव्हान आणले. त्यात काही ठरावीक तत्त्वांचीच पात्रे चालतात आणि प्रत्येक पात्र मोजक्याच वेळा वापरता येते. पाठ केलेला चौघांचा संघ तेथे पुरत नाही. एरवी दुर्लक्षित राहिलेली पात्रे बाहेर काढून, त्यांच्यात नवे संबंध शोधावे लागतात. आमच्या परीक्षा-मंडळांनी या युक्तीकडे अवश्य पाहावे.

येथे एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. पात्राला असे कार्यापुरते पाहणे म्हणजे त्याला यंत्राचा सुटा भाग मानणे नव्हे काय? व्लादिमिर प्रॉपने 1928 मध्ये रशियन परीकथांचे विश्लेषण करताना 31 कार्ये आणि सात कृतिक्षेत्रे सांगितली: खलनायक, दाता, साहाय्यक, नायक इत्यादी. त्या मांडणीत साहाय्यकाला नाव नसले तरी चालते. खेळातील संघ हा प्रॉपचाच वारसा आहे, असे कोणी म्हटले तर ते चूक ठरणार नाही.

पण मग बेनेटकडे पुन्हा पाहू. खेळाच्या कथेत तो एक कमनशिबी मुलगा आहे. त्याने साहस-पथक काढले, परंतु त्याच्यापाठोपाठ संकटे येतात म्हणून एकेक सोबती सोडून गेला, आणि आता त्या पथकात तो एकटाच उरला आहे. जो संघांसाठी सर्वांत हवासा, त्याच्या कथेत मात्र त्याला कोणी संघात घेत नाही. यादी वाचणाऱ्याला ही विसंगती कधीच दिसत नाही. तिच्या लेखी बेनेट म्हणजे एक वर्तुळ. संघात त्याचे कार्य काय, हे प्रॉपची पद्धत सांगेल. त्या वर्तुळात उभे राहणाऱ्यांकडे पाहताना त्याला काय वाटत असेल, हे ती सांगणार नाही. साहित्याचे काम त्या उरलेल्या भागाशी आहे. संबंधांतून पात्राचे मोल कळते, आणि तरीही पात्र त्या मोलात संपत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र धरता येणे म्हणजे पात्रचित्रण समजणे.

हे आम्ही आग्रहाने सांगतो, याला आमच्या परिसराचे कारण आहे. तेलगावला साखर कारखाना आहे, पण त्याच कारखान्याच्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. टोळी हाही एक जुळवलेला संघ आहे. मुकादम उचल देतो आणि माणसे जमवतो. पती-पत्नीच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. एकाने ऊस तोडावा, दुसऱ्याने साळावा, मोळी बांधावी, डोक्यावरून वाहून गाडीत भरावी. या आवर्तनात कोणी चुकले तर साऱ्यांचा दिवस वाया जातो. परस्परावलंबनाचे याहून कडक उदाहरण सापडणार नाही. पण येथे भाषेनेच माणसाचे मोल अवजारात मोजले आहे. एका दिवसाचा खाडा झाला तर दंड कापला जातो. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पाळीमुळे, आजारपणामुळे खाडा पडू नये, हे त्यामागच्या कारणांपैकी एक म्हणून सांगितले गेले. संघाच्या गतीला अडथळा ठरणारे शरीर दुरुस्त करून घ्यावे, असा तो हिशेब होता. खेळात कमकुवत पात्राला बाजूला बसवले तर कोणाचे काही बिघडत नाही. टोळीत बाजूला बसवलेल्याची चूल विझते.

आमच्या वर्गातील कित्येक मुलांचे आईवडील कोयत्यावर जातात. हीच मुले संघ जुळवण्याचा हिशेब पटकन शिकतात. तो हिशेब त्यांना वर्ज्य करावा असे आम्ही म्हणत नाही. उलट वर्गात आणावा, असेच म्हणतो. मात्र तो कोठे थांबतो, हेही त्याच वर्गात शिकवले गेले पाहिजे. गटकार्यासाठी सोबती निवडताना 'तो कोणत्या प्रतीचा' असा शब्दप्रयोग कानी येऊ लागला, तर शिक्षकाने तेथे थांबून बोलले पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) अनेक ठिकाणी अभ्यासक्रमात असते. तिच्यावर 'कारभाऱ्याचे स्वभावचित्र रेखाटा' असा प्रश्न न देता असे विचारावे: कारभाऱ्याचा पाठिंबा मास्तरला मिळालाच नसता, तर शाळेचे काय झाले असते? गावाने तालीम उभी केली, तेव्हा कोणाच्या कामाने कोणाचे काम शक्य झाले? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न द्यावा: दुष्काळाने वाडी उठून गेली, तालीम तशीच मागे राहिली, तेव्हा या माणसांत असे काय उरते की जे वाडीच्या कोणत्याच कामाला लागले नव्हते? पहिला प्रश्न खेळाडू चांगला सोडवील. दुसऱ्यासाठी त्याला कादंबरी पुन्हा उघडावी लागेल, आणि त्याचे उत्तर कोणत्याही यादीत सापडणार नाही.