रद्द करायचंय? लेखी द्या!

नंदुरबार जिल्ह्यातल्या नाटकवाल्यांनो, सोंगाड्या पार्ट्यांच्या मालकांनो, शाहिरांनो, गॅदरिंग बसवणाऱ्या मास्तर-बाईंनो, आणि समोर सतरंजीवर बसणाऱ्या सगळ्यांनो,

हल्ली कार्यक्रम बंद कसा पडतो, ते आधी नीट बघा. मांडव मोडायला क्वचितच कुणी येतं. येतो तो फोन. ‘वातावरण बरं नाही, पुढं ढकला ना भाऊ.’ फोन करणारा नाव सांगत नाही, कागद देत नाही. आणि आपला आयोजक ‘तांत्रिक कारणास्तव’ अशी पाटी लावून मोकळा होतो. झुंडीचं निम्मं काम आपणच फुकटात करून देतो, आमचं भांडण आधी याच्याशी आहे.

यवतमाळ आठवा. जानेवारी २०१९, ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना सन्मानानं बोलावलं आणि ऐनवेळी येऊ नका म्हणून कळवलं. मंडपावर एक दगडही पडला नव्हता. धमकीचा वास आला आणि निमंत्रण मागं गेलं. त्यांचं भाषण मग महाराष्ट्रभर छापलं गेलं, वाचलं गेलं. भाषण वाचलं, अब्रू गेली ती यजमानांची.

२०२२ साली तर सरकारनंच हे केलं. ६ डिसेंबरला कोबाड गांधींच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या मराठी अनुवादासाठी अनघा लेले यांना राज्याचा पुरस्कार जाहीर झाला आणि १२ डिसेंबरला रद्द झाला. निवड समितीही बरखास्त. पण इथं माणसं गप्प बसली नाहीत. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातले, ‘भुरा’चे लेखक शरद बाविस्कर यांनी स्वतःचा पुरस्कार नाकारला, आनंद करंदीकरांनी नाकारला. प्रज्ञा दया पवार, नीरजा यांनी साहित्य संस्कृती मंडळाचा राजीनामा दिला. पुरस्कार परत मिळाला नाही, हे खरं. तरी सरकारला तो निर्णय गुपचूप पचवता आला नाही.

२ फेब्रुवारी २०२४ला पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेच्या नटांच्या विंगेतल्या गमतीजमतींवर विद्यार्थ्यांचं नाटक चालू होतं. अभाविपच्या कार्यकर्त्यांनी ते बंद पाडलं. अटक कुणाला? विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना! दुसऱ्या दिवशी केंद्रात तोडफोडही झाली. सोंग घेतलेला नट विडी ओढतो, शिवी देतो, हे नवापुरात सोंगाड्या पार्टी बघणाऱ्या पोरालाही कळतं. सोंग ते सोंग, देव तो देव. हे शहाणपण पुण्यात कुठं हरवलं, ते पुणेकरांनाच विचारा.

आता कुणी म्हणेल, तुम्हाला फक्त भगवी झुंड दिसते. नाही. २००४ साली पुण्यातली भांडारकर संस्था फोडणारे आणि २०१७ साली तिथल्याच संभाजी बागेतला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा उखडणारे संभाजी ब्रिगेडचे होते. आम्ही त्याचाही निषेध करतो. ज्यांना नथुराम गोडसेवरचं नाटक पटत नाही त्यांनी त्याविरुद्ध लिहावं, दुसरं नाटक करावं. प्रयोग बंद पाडू नये. पण आज सत्ता, पोलीस आणि झुंड एका बाजूला उभे दिसतात तेव्हा त्या बाजूचं नाव घ्यायला आम्ही लाजणार नाही.

आपल्या जिल्ह्यात तर हा डाव अधिक खोल आहे. इथं नाटकापेक्षा आदिवासींच्या अख्ख्या जगण्यावरच डोळा आहे. धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा, अशी ‘डीलिस्टिंग’ची मागणी जनजाती सुरक्षा मंचासारख्या संघटना करतात. अनुसूचित जमातींचा १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश धर्माची अट घालत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. आज यादीतून काढतील, उद्या होळीतून. अक्कलकुव्यातल्या काठीच्या राजवाडी होळीत मोरपिसांचा टोप घातलेला, कमरेला घुंगरू-भोपळे बांधलेला बुध्या नाचतो. त्यानं त्यासाठी पालणी (व्रत) पाळलेली असते. नाचण्याआधी त्याचा दाखला तपासायचा का? कुणाची संस्कृती ‘आपली’ आणि कुणाची ‘बाटलेली’ हे ठरवायचा मक्ता कुणी, कुणाला दिला?

शहाद्याच्या वाहरू सोनवणेंचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७ सालचा. आदिवासीचं दुःख सांगायला स्टेजवर दुसरेच बसतात, हा त्यांचा जुना सवाल. तेव्हा उपदेश करणारे आम्हीही जरा बाजूला सरकतो. सातपुड्यातली होळी, सोंगं, ढोल सरकारी अनुदान सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून वर्गणीवर आणि घरच्या भाकरीवर चालत आलेत. ज्याची भाकर आपली, त्याला रद्द करायला वरून फोन येत नाही. विद्रोही साहित्य संमेलनं मूठभर धान्य आणि रुपया मागून भरतात, ती काही गरिबीची हौस नव्हे.

अनुदान घेऊच नका, असं नाही. तो आपल्याच कराचा पैसा. पण अख्खा प्रयोग त्या एका धनादेशावर टांगू नका. नगरपालिकेचं नाट्यमंदिर ऐनवेळी नाकारलं तर कुठल्या गावच्या शाळेचं पटांगण, कुणाचं खळं, कुणाचं अंगण मिळेल, ते आधीच ठरवा. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र असेल तर त्याच्या प्रती चारजणांकडे ठेवा. ओळखीच्या वकिलाला प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसवा (पास फुकट!). प्रयोग रद्द करायचा निर्णय एकट्या आयोजकानं घ्यायचा नाही. नट, लेखक, प्रेक्षक मिळून घ्यायचा. धमकी एका पार्टीला आली तर दुसऱ्या चार पार्ट्यांनी त्याच आठवड्यात तेच सोंग आपल्या गावात लावायचं. पाच ठिकाणी धावायला झुंडीलाही डिझेल लागतं.

कायदाही तुमच्याच बाजूचा आहे. निदर्शनांच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दाबता येत नाही, बंदोबस्त ठेवणं हे सरकारचं काम, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली रंगराजन खटल्यात सांगितलं. मार्च २०२५मध्ये खासदार इम्रान प्रतापगढींवर एका कवितेमुळे नोंदवलेला गुन्हा रद्द करताना तेच न्यायालय म्हणालं की तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी वर्षं शिक्षेच्या अशा अभिव्यक्तीच्या प्रकरणांत पोलिसांनी गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करावी. या दोन्ही खटल्यांची नावं कागदावर लिहून खिशात ठेवा. ठाण्यात बोलावलं तर एकट्यानं जाऊ नका, आणि कोऱ्या कागदावर सही करू नका.

आणि तो फोन आलाच, तर आवाज न चढवता विचारा: साहेब, आपलं नाव? हुद्दा? कोणत्या कलमाखाली? मग म्हणा, बरं, लेखी द्या. तोवर पडदा ठरल्या वेळी उघडेल.

— नंदुरबार जिल्ह्यातले काही कलावंत आणि प्रेक्षक