होलोवेची नोंद नकाशावर हवीच

सार्वजनिक बांधकाम खात्यातली माझी सगळी नोकरी रस्त्यावरचं पाणी बाजूला काढण्यात गेली. मुरूम दाबायचा, मधला भाग उंच ठेवायचा, कडेने गटार काढायचं. पाणी मुरलं की रस्ता गेला, हे आम्ही पहिल्याच पावसाळ्यात शिकतो. दक्षिण इंग्लंडात मात्र पाण्यानेच घडवलेल्या वाटा आहेत. त्यांना होलोवे म्हणतात.

हा शब्द आज अनेकांना लंडनच्या होलोवे रोडपुरताच माहीत असतो. मूळ जुन्या इंग्रजीतलं ‘होला वेग’, म्हणजे खोल गेलेली वाट. अँग्लो-सॅक्सन सनदांमध्ये जमिनीची हद्द सांगताना तो येतो. ही वाट कोणी खणलेली नसते. मऊ दगडाच्या उतारावरून शतकानुशतकं गुरं, घोडे, गाड्या गेल्या. खुरांनी आणि चाकांच्या धावांनी दगडाचा भुगा केला, पावसाने तो खाली वाहून नेला, आणि वाट हळूहळू शेतांच्या खाली उतरली. दोन्ही बाजूंच्या भिंती झाडांच्या मुळांनी धरून ठेवल्या, वर फांद्या एकमेकींत गुंतल्या. म्हणून दिसेल त्या घळीला होलोवे म्हणू नये. माणसांची ये-जा झालीच नसेल तर तो नुसता ओढा.

मुलगी हॅम्पशायरला राहते, त्यामुळे सेलबोर्नला जाणं झालं. तिथले पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी 1789 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात गावातल्या अशा वाटांचं वर्णन केलं आहे. काही ठिकाणी त्या शेताच्या पातळीखाली 16 ते 18 फूट गेल्या होत्या. वरून डोकावणाऱ्या स्त्रिया घाबरत, भित्रे घोडेस्वार शहारत. व्हाइटना मात्र तिथले नेचे पाहून आनंद होई. मी भिंतीवर हात ठेवला तर दगड ओला आणि इतका ठिसूळ, की बोटांना पूड लागली.

या वाटांना बांधणारा नाही, म्हणून बांधकामाचा कागदही नाही. 1949 च्या कायद्याने काउंटी काउन्सिलांना सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले, तरी असंख्य जुन्या वाटा सुटल्या. रॅम्बलर्स या संस्थेच्या स्वयंसेवकांनी जुने नकाशे ताडून पाहिले, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये 49,000 मैलांहून जास्त वाटा नोंदीबाहेर निघाल्या. त्यांच्या नोंदीसाठी 2000 च्या कायद्याने 1 जानेवारी 2026 ची मुदत घातली, पुढे ती 2031 पर्यंत लांबवली, आणि डिसेंबर 2024 मध्ये सरकारने ती रद्द करण्याचं जाहीर केलं. हा निर्णय योग्यच आहे. हजार वर्षं चाललेल्या वाटेचा हक्क एका तारखेला बुडावा, हा अन्याय होता.

पण एवढ्यावर थांबू नये. होलोवेच्या दाव्यात तिची खोली मोजून ती पुरावा म्हणून धरावी. 16 फूट झिजलेला दगड हा कोणत्याही दस्तऐवजाइतकाच बोलका आहे. आणि अशा वाटांवर मोटारसायकली व जीप सरसकट बंद कराव्यात. जागेवर फिरणारं चाक तळ उकरतं, भिंती धरणारी मुळं तोडतं. मुळं तुटली की भिंत कोसळते, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे. हॅम्पशायर, डॉर्सेटकडे फिरताना अशी खोल वाट लागली, तर काउन्सिलचा अधिकृत नकाशा उघडून पाहा. तिथे ती नसेल तर नोंदीसाठी अर्ज करा. तो कोणालाही करता येतो.