कुर्ल्याचा दरवाजा

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी माझी सगळी गँग मॉलमध्ये होती आणि मी कुर्ल्याच्या भंगार मार्केटमध्ये, हातात फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन. हसू नका! जुन्या गाडीचा पत्रा शोधायला निघालात, की पाकिटाइतकंच चुंबकही लागतं.

गाडी बाबांची. १९७९ची प्रीमियर पद्मिनी. आई गेल्यापासून सोसायटीत नुसती उभी. शेवटी सेक्रेटरींची नोटीस आली, दोन महिन्यांत गाडी चालू करा, नाहीतर हलवा. भंगारवाला तर भाव ठरवूनच आला होता. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं मला माझ्या ईएमआयपेक्षा जड गेलं. म्हटलं, करूया दुरुस्त.

इंजिनचं काम मेकॅनिकने पंधरा दिवसांत उरकलं. खरी गोची पत्र्याची. डावीकडचा पुढचा दरवाजा, म्हणजे आईच्या बाजूचा, खालून चाळणी झालेला. काचेवरून पावसाचं पाणी दरवाजाच्या आत उतरतं. ते बाहेर पडायला तळाशी बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली, की पाणी आत साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. आपल्याला फोड दिसतो, तोपर्यंत पत्रा संपलेला असतो.

मी काय केलं? फोनवरून ‘फियाटचा दरवाजा’ मागवला. फोटोत फक्त आतली बाजू दिसत होती. पार्सल उघडलं तर बिजागऱ्या भलत्याच बाजूला! तो होता पन्नासच्या दशकातल्या ‘डुक्कर फियाट’चा. तिचे पुढचे दरवाजे उलटे, मागच्या बाजूला उघडतात. आपल्याकडे डुक्करही फियाट, १९६४ची डिलाइटही फियाट आणि १९७४पासूनची पद्मिनीही फियाटच. पैसे परत मिळाले नाहीत. पण एक डुक्करवाले काका तो दरवाजा हातोहात घेऊन गेले आणि जाताना मला कानमंत्र देऊन गेले, ‘‘कुर्ल्याला जा. आणि वडिलांना घेऊन जा.’’

पद्मिनी कुर्ल्याच्याच कारखान्यात बनायची. म्हणजे आम्ही तिच्या माहेरीच निघालो होतो म्हणा ना! पहिल्या दुकानातला दरवाजा चकाचक होता, पण खालच्या कडेला चुंबक चिकटेना. पत्र्याऐवजी सगळी पुट्टी! तिसऱ्या दुकानात एक काळा दरवाजा भिंतीला टेकून उभा होता. खरचटलेला, पण चुंबक तळापर्यंत टकाटक चिकटलं.

‘‘टॅक्सी का है, साब. बीस साल बारिश खाया है,’’ दुकानदार म्हणाला.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्या हिशेबाने ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही रस्त्यावरून गेली. रोज शेकडो दिसायच्या तेव्हा आपण एसी कॅबसाठी त्या सोडून द्यायचो. आता त्यातल्याच एकीचा दरवाजा मी डोळ्यांत तेल घालून तपासत होतो. बाबांनी खालच्या कडेवरून बोट फिरवलं, भोकं मोकळी आहेत का ते पाहिलं आणि म्हणाले, ‘‘याला कुणीतरी नीट सांभाळलंय.’’ सात हजार सांगितले, साडेचारवर तुटलं.

पुढचं काम डेंटरचं. त्याच्याकडून शिकलेल्या दोन गोष्टी तुम्हालाही सांगून ठेवतो. रंगाआधी दरवाजा लावून बघा, फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. आणि जुना दरवाजा काम संपेपर्यंत फेकू नका. काच, हँडल, कुलूप आम्ही त्यातलंच काढून बसवलं.

रंगवताना डेंटरने विचारलं, आतल्या कडेचा काळा रंग घासून काढू का? बाबा म्हणाले, ‘‘राहू दे. त्याचीही गाडी होती कुणाचीतरी.’’

नोटिशीची मुदत संपायला चार दिवस असताना गाडी गेटबाहेर निघाली. स्टिअरिंगवर बाबा. मी आईच्या जागेवर बसलो, दरवाजा ओढला. ठक्क! एका फटक्यात लागला. बाबांनी स्टिअरिंगजवळचा गिअर टाकला, माझ्याकडे न बघताच विचारलं, ‘‘बोला साहेब, मीटर टाकू?’’

कितीतरी महिन्यांनी ते हसत होते.