सना मक्की, इसबगोल आणि दह्याची वाटी

'पोट साफ होत नाही, काय घेऊ?' हा प्रश्न मला शाळेच्या पालकसभेत, लग्नघरात, अगदी रिक्षाच्या रांगेतही विचारला जातो. विचारणाऱ्या बहुतेक बहिणीच असतात. आणि लगेच दबक्या आवाजात पुढचे वाक्य येते, 'सध्या रात्री सना मक्कीचे चूर्ण घेते, त्याशिवाय सकाळी होतच नाही.' कुणी दोन महिने घेते आहे, कुणी दहा वर्षे. म्हणून सुरुवात चूर्णापासूनच करू.

सना मक्की म्हणजे मराठीतली सोनामुखी. हदीसमध्ये तिचा उल्लेख येतो, म्हणून आपल्या घरांत तिला मान आहे. पण मान असणे वेगळे आणि रोज रात्री चमचाभर घेणे वेगळे. युनानी वैद्यकात प्रत्येक औषधाचा 'मुस्लेह' सांगितलेला असतो, म्हणजे त्या औषधाचा त्रास कमी करणारे दुसरे औषध. सनाबरोबर गुलाबाची फुले देतात ती यासाठीच. जुने हकीमही हिला जपूनच हात लावत. हिच्या पानांतले द्रव्य मोठ्या आतड्यात पोहोचले की तिथले जिवाणू त्याचे रूप बदलतात आणि मग आतड्याचे स्नायू जोराने आवळू लागतात. याला 6 ते 12 तास लागतात, म्हणून रात्री घेतले की सकाळी काम होते. अडल्या वेळी चार दिवस घ्यायला हरकत नाही. महिनोन्महिने घेतले तर पोटात मुरडा येतो, जुलाबावाटे पाणी आणि पोटॅशियम निघून जाते, हातापायांतले बळ जाते. गरोदर बाईने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

बाजारातल्या तयार चूर्णांचे नाव काहीही असो, डब्याच्या मागची बारीक अक्षरातली यादी वाचा. पुष्कळदा तिथे सोनामुखीच असते. आणि सना मक्की सगळे आजार बरे करते असे कुणी सांगितले तर 2020 आठवा. कोरोनावर हाच काढा उतारा आहे अशी आवई उठली आणि पाकिस्तानात हिचे भाव भडकले. कोरोना काही त्याने गेला नाही.

इसबगोलची गोष्ट वेगळी. हे नाव फारसीतले आहे. 'अस्प' म्हणजे घोडा, आणि बी घोड्याच्या कानासारखे दिसते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. गुजरात-राजस्थानात पिकते आणि उंझ्याच्या बाजारातून जगभर जाते. त्याचा भुसा आतड्याला चाबूक मारत नाही. तो पाणी धरून फुगतो आणि मळ मऊ ठेवतो. पण पाणी असेल तरच! एक ते दोन छोटे चमचे पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावे आणि वरून आणखी एक पेला पाणी घ्यावे. कोरडा भुसा तोंडात टाकून घोटभर पाणी पिणे धोक्याचे आहे, तो घशात फुगून अडकू शकतो. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी घेऊ नये. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवा. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. सनाची सवय झालेल्यांना इथेच धीर सुटतो.

खरे तर जे काम इसबगोल करते ते ताटानेच करायला हवे. मोठ्या माणसाला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू, म्हणजे फायबर, हवे. 100 ग्रॅम बाजरीत ते सुमारे 11 ग्रॅम असते, ज्वारीत 10, कोंड्यासकट गव्हाच्या पिठात 11. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम पावणेतीन. आणि मटणात, कोंबडीत, अंड्यात? शून्य. आता बकरी ईदनंतरचा आठवडा डोळ्यांसमोर आणा: सकाळी पाव-खिमा, दुपारी बिर्याणी, रात्री कोरमा आणि नान. पोटाने करावे तरी काय? गोश्त सोडा असे मी म्हणत नाही. दालचा करा, त्यात दुधी घाला, मेथी-गोश्त करा, नानऐवजी भाकरी ठेवा, शेजारी काकडी-गाजर चिरून ठेवा. पेरू सालीबियांसकट खा. फक्त तंतू एकदम वाढवू नका, पोट फुगते, आठवड्या-आठवड्याने वाढवा. रमजानमध्ये इफ्तार ते सहरी या वेळात पाणी थोडे थोडे पीत राहा, सहरीला एकदम तांब्याभर पिऊन दिवस निघत नाही.

आता दही. घरी विरजलेल्या दह्यात जिवंत जिवाणू असतात आणि ज्यांना दूध पचत नाही त्यांनाही ते बऱ्यापैकी पचते. जेवणात वाटीभर ताजे दही चांगलेच. मात्र कढी उकळली की ते जिवाणू मरतात. कढी पौष्टिक आहे, पण 'प्रोबायोटिक' म्हणून तिला गुण देऊ नका. औषधाच्या दुकानातल्या महाग पुड्या-कॅप्सूलचे म्हणाल तर प्रत्येक जिवाणूचे काम निराळे असते. अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये अभ्यास तपासून सांगितले की, काही ठरावीक परिस्थिती सोडल्यास पोटाच्या बहुतेक आजारांत त्या घ्याव्यात असा पुरेसा पुरावा नाही. डॉक्टरांनी लिहून दिल्या तर घ्या. जाहिरात पाहून महिन्याचे पैसे घालवण्यापेक्षा त्या पैशांची फळे आणा.

एवढे सगळे करूनही अनेकींचे पोट साफ होत नाही. याचे कारण ताटात सापडत नाही. उर्दूत बद्धकोष्ठतेला 'कब्ज' म्हणतात. मराठीतला 'कब्जा' त्याच अरबी धातूतून आला, अर्थ मुठीत धरून ठेवणे. बायका हेच करतात, धरून ठेवतात. खाल्ल्यानंतर वीस-तीस मिनिटांत आतड्याला आपोआप चालना मिळते आणि सकाळी ती सर्वांत जोराची असते. नेमक्या त्याच वेळी डबे भरायचे असतात, मुलांच्या वेण्या, नवऱ्याची आंघोळ, सासऱ्यांचा चहा, आणि चाळीत एकच सामाईक संडास. कळ दाबली की ती निघून जाते. मळ आतच राहतो, आतडे त्यातले पाणी शोषत राहते, तो आणखी कडक होतो. रोज असे झाले तर कळच येईनाशी होते. त्यावर चूर्ण काय करणार? बाईला पंधरा मिनिटे उसंत हवी. कोमट पाणी आणि काहीतरी पोटात, मग पाच-दहा मिनिटे शांत बसणे. कमोड असेल तर पायांखाली पाट. एवढ्या वेळात डबा दुसऱ्या कुणी भरला तर काही बिघडत नाही. हा परिच्छेद भाईजानांनी आणि अब्बांनीही वाचावा.

मळात रक्त, डांबरासारखा काळा मळ, विनाकारण घटणारे वजन, अंगात रक्त कमी असणे, चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जा. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा आणि घट्ट होतो, तेव्हा त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. थायरॉईड मंद असेल तरी पोट साफ होत नाही. ती तपासणी करून घ्या.

मुलींचेही तेच. वर्गात पाहते, सकाळी भरून आणलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच भरलेली घरी जाते. प्यायले तर जावे लागेल आणि शाळेतल्या संडासाला कडी नसते. आपल्या मुलीला एकदा विचारा, 'कडी आहे का? पाणी असते का?' आणि नसेल तर पालकसभेत मार्कांच्या आधी तो विषय काढा.

लहान मुलांत एक गोष्ट हमखास चुकीची समजली जाते. मुलगा चड्डी खराब करतो, पातळ डाग पडतात, घरचे जुलाब समजून नुसता भात देतात किंवा 'एवढा मोठा झालास' म्हणून मारतात. पुष्कळदा आत कडक मळ साचलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. ते मुलाला कळत नाही आणि थांबवताही येत नाही. त्याला मारू नका, जुलाब थांबवायचे औषध तर मुळीच देऊ नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. साचलेला मळ निघाल्यावरही मळ मऊ ठेवणारे औषध कित्येक महिने द्यावे लागते. आठ दिवसांत चड्डी स्वच्छ राहू लागली म्हणून आपल्या मनाने ते बंद करू नका. ताणलेले आतडे पूर्ववत व्हायला वेळ लागतो.