नकली गिटार, अस्सल रियाज

मंगळवार पेठेत कुणी स्वस्त इलेक्ट्रिक गिटार घेतली, की ‘नकली आहे रे!’ असा शेरा ऐकू येतो. हा तुच्छतेचा सूर मला मान्य नाही. फेंडर कंपनीने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर काढली. पुढे जपानी नकला इतक्या सरस निघाल्या, की १९८२ मध्ये तिने स्वतःच जपानमध्ये ‘स्क्वायर’ नावाने स्वस्त गिटारी बनवून घेतल्या. मूळ मालकाला ज्याची लाज नाही, ती आपण का बाळगावी? मात्र तारा पट्टीपासून फार उंच असतील तर बोटे सोलतात. खुंट्या स्वर धरत नसतील तर कान बिघडतो. तेव्हा नामांकित वाद्यासाठी वर्षे दवडण्यापेक्षा साधेच घ्यावे आणि चार पैसे ते जाणकाराकडून नीट लावून घेण्यासाठी राखावेत. तालमीतले पोर पहिल्याच दिवशी खासबागेत उतरत नाही. आधी पेठेतल्या मातीत घाम गाळते.